काळ्या पेल्याची पारख

आजच्या विषयाचे नाव ऐकून सभागृहातील काही वडीलधाऱ्या मंडळींच्या कपाळाला आठी पडली असेल, आणि ती पडणे स्वाभाविकच आहे. ज्या पुण्यात १९०८ साली लोकमान्यांच्या पुढारीपणाखाली दारूच्या दुकानांवर निरोधन झाले, ज्या प्रांतात १९४९ साली दारूबंदीचा कायदा झाला, तेथे वसंतातल्या एका रम्य सायंकाळी कोणी उठून बिअरच्या चवीवर बोलू लागावे, हे जरा चमत्कारिक खरेच. म्हणून प्रारंभीच सांगून टाकतो की मद्याची भलामण करण्यासाठी आम्ही येथे उभे नाही. आमचा व्यवसाय इतिहासाचा. त्यातही जकात, अबकारी आणि मद्यकर यांची जुनी दप्तरे चाळण्यात आमची बरीच वर्षे गेली. त्या दप्तरांनी आम्हांला एका पेल्यापर्यंत नेऊन पोचविले, आणि त्या पेल्यापाशी आमच्या हातून एक अन्याय घडला. त्याची हकीगत सांगितल्यावाचून पुढचा इतिहास सांगण्यात अर्थ नाही.

आमचे एक भाचे नोकरीनिमित्त बेल्जियममध्ये राहतात. त्यांच्याकडे आम्ही गेलो असता शेजारच्या गावी घरच्या घरी बिअर करणाऱ्या हौशी लोकांची एक लहानशी स्पर्धा भरली होती. तीन परीक्षकांपैकी एक ऐन वेळी आजारी पडला. भाचेबुवांनी उत्साहाच्या भरात 'आमच्या मामांनी बिअरच्या इतिहासावर लिहिले आहे' असे सांगून टाकले, आणि आमच्या हाती पेन्सिल व गुणपत्रिका आली. इतिहास लिहिणे वेगळे आणि चव पारखणे वेगळे, हे त्या वेळी कोणाच्या लक्षात आले नाही. आमच्या तर मुळीच नाही.

सातव्या क्रमांकाचा पेला आला तो काळाकुट्ट होता. उजेडात धरला तर काठाशी तेवढी माणकासारखी तांबूस छटा. वर कॉफीच्या रंगाचा दाट फेस. कागदावर नाव होते 'बेल्जियन धर्तीचा कडक स्टाउट'; मद्यार्क शेकडा ९ च्या घरात. आम्ही वास घेतला. आधी भाजलेल्या कॉफीचा, मग मनुका आणि काकवी यांचा, त्यामागून लवंगेचा, आणि सर्वांत शेवटी एक विचित्र वास आला: घामेजल्या खोगिराचा, तबेल्यात पडून राहिलेल्या घोंगडीचा. एक घोट घेतला. इतक्या काळ्या आणि इतक्या कडक पेयाला जे जडपण असावे असे आम्ही वाचले होते ते त्यात नव्हते; जिभेवरून ते झरकन उतरून गेले. आम्ही पन्नासपैकी बावीस गुण दिले आणि शेरा लिहिला: 'अंग पातळ. तबेल्याचा वास, बहुधा अस्वच्छ भांडे.' शेजारी बसलेल्या बाई जन्मभर एका ब्रूअरीत काम करून निवृत्त झालेल्या. त्यांनी अडतीस दिले होते. एकाच पेल्याच्या गुणांत फार अंतर पडले तर परीक्षकांनी आपसांत बोलून ते कमी करावे असा रिवाज आहे. बाई सौम्यपणे म्हणाल्या, 'तो वास त्याने मुद्दाम आणलेला आहे.' आम्ही अडून बसलो. फार तर सव्वीसवर येतो, म्हणालो. त्या गृहस्थाचे पारितोषिक त्या आकड्यापायी गेले. संध्याकाळी त्याने आपली गुणपत्रिका उचलली, आमचा शेरा दोनदा वाचला आणि घडी करून खिशात घातली. काही बोलला नाही.

घरी परतल्यावर आम्ही आमचीच टिपणे काढून बसलो. पुढे सांगावयाचा इतिहास तो एवढाच, की त्या पेल्यात काय काय होते आणि ते तेथे कोठून आले.

स्टाउट ही वस्तू मुळात लंडनची. या इंग्रजी शब्दाचा अर्थ धट्टाकट्टा, दणकट. सतराव्या शतकाच्या अखेरीस कोणत्याही कडक बिअरला, मग ती फिकट का असेना, हे विशेषण लावीत असत. अठराव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत लंडनमध्ये तपकिरी माल्टपासून, म्हणजे मोड आणून धगीवर सुकविलेल्या जवापासून, केलेली एक काळसर बिअर लोकप्रिय झाली. थेम्सच्या धक्क्यावरचे आणि शहरातले हमाल ती आवडीने पीत म्हणून तिचे नाव पोर्टर पडले. अमुक एका दारूवाल्याने अमुक वर्षी हिचा शोध लावला अशी एक गोष्ट इंग्रजी पुस्तकांतून फिरते. परंतु ती छापून आली बऱ्याच काळाने, आणि तिच्यावर भरवसा ठेवण्याचे कारण नाही. शहर वाढले, हमाल वाढले, त्यांना स्वस्त, पोटाला आधार देणारे पेय हवे होते आणि ते मिळाले. शोध लागला म्हणावयाचा तो गरजेचा. या पोर्टरची जी अधिक कडक जात ती 'स्टाउट पोर्टर', आणि पुढे नुसतीच 'स्टाउट'.

पोर्टरचे एक वैशिष्ट्य असे की ती साठवून मुरवावी लागे. त्यासाठी कारखानदारांनी लाकडाचे प्रचंड हौद बांधले, आणि हौद कोणाचा मोठा याची चढाओढ लागली. या हौसेची किंमत १७ ऑक्टोबर १८१४ रोजी लंडनच्या टॉटनहॅम कोर्ट रोडजवळच्या वस्तीने दिली. म्यू यांच्या हॉर्स शू ब्रूअरीतला साडेतीन हजारांहून अधिक पिंपे मावणारा एक हौद फुटला, मागची भिंत कोसळली आणि पोर्टरचा लोंढा गरिबांच्या तळघरांत शिरला. आठ माणसे मेली, सगळी बायकामुलेच. त्यांतली काही तर एका तळघरात आदल्या दिवशी गेलेल्या लहान मुलाच्या शोकासाठी जमलेली होती. पंचांनी हा दैवी अपघात ठरविला. कारखानदाराला दंड झाला नाही.

या हौदांत पोर्टर महिनोन् महिने पडून राहत असे आणि तिला एक विशिष्ट वास व आंबूसपणा येई. तो कशाने येतो हे कोणाला ठाऊक नव्हते. परंतु जुनी मुरलेली बिअर म्हणजे तो वास, हे लंडनच्या पिणाऱ्याच्या जिभेत मुरलेले होते. हा धागा येथे सोडून ठेवतो. पुढे तोच उचलावयाचा आहे.

आता रंगाकडे वळू. स्टाउट काळा का? सामान्य समजूत अशी की कडक म्हणून काळा. ते खरे नाही, आणि ते खरे नाही हे एका काचेच्या नळीने सिद्ध केले. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमधल्या कारखानदारांच्या हाती हायड्रोमीटर आला. द्रवात किती गोडी उतरली आहे हे तो दाखवी. जॉन रिचर्ड्सन याने १७८४ मध्ये यावर ग्रंथच लिहिला. मोजमाप करून पाहता असे आढळले की तपकिरी माल्ट दिसायला जोरदार, पण त्यातून गोडी उतरते थोडी. फिकट माल्ट महाग, पण त्यातून उतारा भरपूर. हिशेबी कारखानदारांनी तपकिरी माल्ट कमी करून फिकट वाढविला. पैसा वाचला, पण पोर्टर फिकी दिसू लागली, आणि गिऱ्हाईक तर काळ्या रंगालाच जोर समजत होते! मग जळकी साखर घालून रंग आणणे सुरू झाले. पार्लमेंटने १८११ मध्ये त्याला परवानगी दिली आणि १८१६ मध्ये ती काढून घेतली. कारण रंगाच्या नावाखाली काय काय पिंपांत पडते याचा सरकारला नेम राहिला नाही. पुढच्याच वर्षी, १८१७ मध्ये, डॅनिएल व्हीलर याने कॉफी भाजण्याच्या यंत्रासारख्या फिरत्या लोखंडी पिंपात माल्ट काळा होईपर्यंत भाजण्याचे पेटंट मिळविले. चिमूटभर काळ्या माल्टने पिंपभर बिअर काळी होऊ लागली. माल्ट हा माल्टच असल्यामुळे अबकारीचीही हरकत नव्हती.

स्टाउटची आज जी ओळख समजतात, ती कॉफीची, कडू चॉकलेटची, करपल्या पावाच्या कडेची चव, ती अशी सरकारी कराच्या आणि फसवणूक थांबविण्याच्या खटाटोपातून जन्मली. न माल्टविलेले, नुसते भाजलेले जव वापरण्याची मुभा तर इंग्लंडात १८८० मध्ये ग्लॅडस्टन यांनी माल्टवरचा कर उठविल्यावरच मिळाली. तेव्हा 'अस्सल' स्टाउटमध्ये भाजलेले जव पाहिजेतच असे जेव्हा कोणी ठासून सांगतो, तेव्हा तो फार तर दीडशे वर्षांची परंपरा सांगत असतो. असो.

लंडनचा सर्वांत कडक स्टाउट परदेशी जाई. साउथवर्कमधला थ्रेल यांचा अँकर कारखाना यात अग्रेसर होता. हेन्री थ्रेल वारल्यावर १७८१ साली तो कारखाना विकला गेला तेव्हा मृत्युपत्राचे एक व्यवस्थापक होते कोशकार डॉ. जॉन्सन, विक्री झाली १ लाख ३५ हजार पौंडांना. घेणाऱ्यांचे नाव पुढे बार्क्ली-पर्किन्स म्हणून गाजले. रशियाच्या सम्राज्ञीसाठी तेथे खास पोर्टर गाळली जाते अशी नोंद जोसेफ फॅरिंग्टन या चित्रकाराच्या १७९६ च्या रोजनिशीत आहे. म्हणून या जातीला 'इम्पीरियल', बादशाही, हे बिरूद चिकटले. ले कॉक या व्यापारी पेढीने असा स्टाउट बाटल्यांत भरून बाल्टिकमार्गे धाडण्याचा व्यापार केला. त्यांचा माल घेऊन निघालेले 'ओलिव्हा' नावाचे जहाज १८६९ मध्ये बाल्टिक समुद्रात बुडाले, आणि १९७४ मध्ये पाणबुड्यांना त्यातल्या बाटल्या सापडल्या. आपल्याकडेही पोर्टर येत असे. सम्राज्ञीसाठी नव्हे, गोऱ्या पलटणींच्या शिपायांसाठी. कंपनीच्या साहेबांनी फिकट एल प्यावी आणि शिपायाने पोर्टर, अशी त्या काळची वाटणी. आज मात्र हिंदुस्थानशी नाव जोडले गेले आहे ते साहेबांच्या बिअरचे.

येथपर्यंत लंडन झाले. पेल्याच्या नावातला दुसरा शब्द 'बेल्जियन'. त्यासाठी खाडी ओलांडली पाहिजे.

बेल्जियमच्या बिअरविषयी बोलू लागले की लोकांच्या डोळ्यांपुढे मठ उभा राहतो, मठात वयस्क साधू, आणि साधूंच्या हाती हजार वर्षांची गुप्त कृती. हे चित्र गोड आहे, पण फारसे खरे नाही. फ्रेंच राज्यक्रांतीच्या वावटळीत त्या मुलखातले मठ बंद पडले, विकले गेले. आज ज्यांची नावे घेतात ते बहुतेक ट्रॅपिस्ट मठ त्यानंतर नव्याने उभे राहिलेले आहेत. वेस्टमालेच्या मठात पहिली बिअर १८३६ मध्ये जेवणाबरोबर वाढली गेली. वेस्टव्ह्लेटेरेनचा मठ १८३१ चा. शिमेजवळच्या स्कूरमाँ मठाची स्थापना १८५० ची आणि तेथली ब्रूअरी १८६२ ची. ओर्व्हालची तर १९३१ ची. संत बेनेडिक्टच्या नियमाप्रमाणे साधूने स्वतःच्या श्रमावर जगावे, म्हणून कोणी लोणी-चीज करतो तसे हे बिअर करीत. आज शिमेची निळ्या पट्टीची काळसर बिअर शेकडा ९ मद्यार्काची, वेस्टव्ह्लेटेरेनची सर्वांत कडक १०.२ ची, रोशफोरची ११.३ ची असते. त्यांतली शिमेची प्रथम १९४८ मध्ये नाताळसाठी काढली गेली. आमच्या श्रोत्यांतील पुष्कळ मंडळींच्या जन्माच्या आगेमागे!

मग विसाव्या शतकातच बेल्जियन बिअर इतकी कडक का झाली? येथे आमच्या आवडीचे दप्तर उघडते. पहिल्या महायुद्धात जर्मनांनी बेल्जियमचा बहुतेक मुलूख व्यापला आणि ब्रूअऱ्यांची तांब्याची भांडी काढून नेली. युद्धापूर्वी देशात तीन हजारांहून अधिक ब्रूअऱ्या होत्या; युद्धानंतर दोन हजारांच्या आसपास उरल्या. वेस्टव्ह्लेटेरेन आघाडीच्या अलीकडे, न व्यापलेल्या चिंचोळ्या पट्टीत राहिल्यामुळे त्याची भांडी वाचली. आणि २९ ऑगस्ट १९१९ रोजी, एमिल व्हांडरवेल्डे न्यायमंत्री असताना, कायदा झाला की सार्वजनिक जागी, खाणावळीत वा पिठ्यात, जिनसारखे गाळीव मद्य विकता येणार नाही. दुकानातून घ्यावयाचे तर एका वेळी किमान दोन लिटर घेतले पाहिजे. मजुराच्या खिशात दोन लिटरचे पैसे एकदम कधीच नसतात, हा त्यातला डाव.

व्हांडरवेल्डे हे समाजवादी, कामगारांच्या व्यसनमुक्तीसाठी तळमळणारे. आंतरराष्ट्रीय समाजवादी मंडळाचे ते दीर्घकाळ अध्यक्ष होते, आणि त्याच चळवळीच्या १९०७ च्या स्टुटगार्ट अधिवेशनात आपल्या मुंबईच्या मॅडम कामांनी हिंदुस्थानचा ध्वज फडकविला होता. माणूस सच्चा होता याविषयी आम्हांला शंका नाही. परंतु जिनला मुकलेला मजूर दूध पिऊ लागला नाही. त्याला जोरदार काहीतरी हवे होते, आणि कायद्याने बिअरच्या कडकपणाला हात लावलेला नव्हता. कारखानदारांनी ही फट ओळखली. याच सुमारास युद्धामुळे इंग्रज-स्कॉटिश कडक बिअरींची ओळख झालेली होती. मूर्टगाट यांनी स्कॉटलंडहून आणलेल्या यीस्टवर एक बिअर काढली आणि १९२३ पासून ती 'ड्यूव्हेल', म्हणजे सैतान, या नावाने विकली. आज सोनेरी दिसणारी ही बिअर १९७० च्या सुमारापर्यंत काळसर होती. कायदा १९८३ साली रद्द झाला, पण तोवर कडक बिअर ही त्या देशाची ओळख होऊन बसली. दारूबंदीच्या कायद्यातून हातभट्टी निघाल्याचे आम्ही आपल्याकडे पाहिले आहे. तेथे त्यातून मठाच्या शिक्क्याची उंची बिअर निघाली. सगळे श्रेय त्या एका कायद्याला देणे आम्हांला पटत नाही, तांब्याची नवी भांडी आणि नवे यीस्ट यांचाही वाटा आहेच, परंतु कायदा वजा केला तर ही गोष्ट सांगता येत नाही.

बेल्जियन काळेपणा मात्र स्टाउटचा काळेपणा नव्हे. तो मुख्यतः साखरेचा. साखर तापवून तपकिरी-काळी केलेली राब बिअर उकळताना घालतात. तिला 'कँडी' म्हणतात. शब्द ओळखीचा वाटतो ना? आपला 'खंड', खडीसाखरेतला, फारसीत 'कंद' झाला, अरबांबरोबर युरोपात गेला आणि तेथे 'कँडी' झाला. मनुका, अंजीर, काकवी यांची जी आठवण त्या पेल्याच्या वासात होते ती बरीचशी तिची. पण तिचा दुसरा गुण अधिक महत्त्वाचा. साखर यीस्टला पुरती खाता येते. मागे गोडी अगर दाटपणा उरत नाही. म्हणून बेल्जियन बिअर कितीही कडक असली तरी जिभेवर हलकी लागते. तेथले लोक ती 'पचायला सोपी' असल्याचे कौतुकाने सांगतात. लंडनच्या बादशाही स्टाउटमध्ये नेमके उलट: दाट, चिकट, जवळजवळ चावता यावा असा.

आमचा 'अंग पातळ' हा शेरा आठवा. आम्ही लंडनचे माप घेऊन बेल्जियन धोतर मोजीत होतो.

राहिला तबेला. मुरलेल्या पोर्टरच्या वासाचा जो धागा आम्ही मघाशी सोडला तो आता हाती घेऊ. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग ब्रूअरीच्या प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हान्सेन यांनी १८८३ मध्ये एकाच पेशीपासून वाढविलेले शुद्ध यीस्ट तयार केले. सगळी दुनिया शुद्ध यीस्टच्या मागे लागली. इंग्रजांनीही ते वापरून पाहिले. पण त्यांच्या मुरवणाच्या बिअरींना पूर्वीची चव येईना. हान्सेन यांच्याच प्रयोगशाळेतले निल्स हेल्टे क्लाउसेन यांनी याचा छडा लावला. जुन्या इंग्रजी बिअरीत मुख्य यीस्टखेरीज दुसरे एक मंदगती यीस्ट असते, लाकडाच्या पिंपांत ते दडून राहते आणि महिनोन् महिने काम करीत तो विशिष्ट वास निर्माण करते, असे त्यांनी १९०४ मध्ये लंडनच्या तज्ज्ञांपुढे मांडले. त्या यीस्टला त्यांनी नाव दिले 'ब्रेटॅनोमायसीस'. अर्थ सरळ आहे: ब्रिटिश बुरशी.

खोगीर, घोंगडी, तबेला. हा तोच वास! आणि इतिहासाची मौज पाहा. ब्रिटनमध्ये हौद गेले, मुरवण्याची चाल गेली, करांच्या आणि युद्धांच्या ओझ्याखाली बिअर पातळ होत गेली, आणि ब्रिटिश बुरशी तिच्या मायभूमीतून जवळजवळ हद्दपार झाली. बार्क्लींचा रशियन स्टाउट पुढे करेज कंपनीकडे गेला आणि तोही १९९३ साली थांबला. बुरशी टिकली ती बेल्जियममध्ये: ब्रुसेल्सच्या आंबट लँबिकमध्ये, जीवरून १९२१ मध्ये तिच्या एका जातीला 'ब्रुसेल्सची' असे नाव पडले, आणि ओर्व्हालच्या बाटलीत, जेथे ती मुद्दाम घालतात. म्हणजे त्या हौशी गृहस्थाने आपल्या बेल्जियन स्टाउटात जे घातले होते ते दोन्ही अंगांनी रास्त होते. बेल्जियन म्हणून पाहा, त्याला तेथील आधार आहे. स्टाउट म्हणून पाहा, तर १८०० सालच्या लंडनच्या हमालाने तो वास नसलेला पेला 'कच्चा' म्हणून परत केला असता. आम्ही मात्र लिहिले: अस्वच्छ भांडे.

येथे कोणी विचारील, की मग पारख म्हणजे नुसती आवडनिवड काय? आम्हांला तसे वाटत नाही, आणि या प्रश्नावर बिअरच्या धंद्याइतका कसून विचार क्वचितच कोणी केला असेल. डब्लिनच्या गिनेस कारखान्यात विल्यम गॉसेट हा तरुण रसायनज्ञ १८९९ मध्ये लागला. थोड्या नमुन्यांवरून निर्णय कितपत विश्वासाने करावा हा त्याचा रोजचा प्रश्न होता. त्याचे उत्तर त्याने १९०८ मध्ये 'स्टुडंट' या टोपणनावाने छापले, कारण स्वतःच्या नावाने लिहिण्यास मालकांची मनाई. आज संख्याशास्त्राचा प्रत्येक विद्यार्थी ती कसोटी शिकतो, पण ती स्टाउटच्या कारखान्यातून आली हे फार थोड्यांना ठाऊक असते. कपात दूध आधी घातले की चहा, हे चवीवरून ओळखण्याचा दावा करणाऱ्या बाईंची गोष्ट रोनाल्ड फिशर यांनी १९३५ च्या ग्रंथात प्रसिद्ध केली: आठ कप, चार असे, चार तसे, केवळ नशिबाने सगळे बरोबर येण्याचा संभव सत्तरात एक. पुढे १९४० नंतरच्या दशकात कार्ल्सबर्गमध्ये तीन पेल्यांची चाचणी वापरात आली: दोन पेले सारखे, एक निराळा, निराळा कोणता ते सांगा. आवडला की नाही हे विचारावयाचेच नाही. या सर्वांमागे एकच भान आहे, की जीभ लबाड नसली तरी भोळी आहे. रंग बघून ती जडपणा कल्पिते. नाव वाचून चव घेते.

हौशी स्पर्धांची गुणपत्रिका अमेरिकेत १९८५ साली सुरू झालेल्या परीक्षक-मंडळाच्या धर्तीची असते: वासाला १२ गुण, रूपाला ३, चवीला २०, तोंडातल्या स्पर्शाला ५, एकंदर ठशाला १०. रूपाला तीनच, हे विशेष. डोळ्यांवर फारसा भार टाकू नये अशी ती योजना. वाइनचे परीक्षक घोट थुंकतात, बिअरचे गिळतात; कारण कडूपणा घशाशी उतरल्यावर रेंगाळतो आणि तो किती वेळ व कसा रेंगाळतो हे पाहावयाचे असते. काळ्या बिअरीत कडूपणा दोन जातींचा: एक हॉप्सचा, कारल्यासारखा स्वच्छ, दुसरा करपल्याचा. करपल्याचा कॉफीपर्यंत असला तर गुण, राखेपर्यंत गेला तर दोष. बेल्जियन यीस्ट लवंगेचा वास देते, आणि लवंग व करपट एकत्र आले की कधी कधी दवाखान्याची आठवण होते. हा खरा धोका, आणि त्या सातव्या पेल्याने तो टाळलेला होता हे आमच्या टिपणातच आहे. फार थंड प्यायला दिला तर यातले काहीच कळत नाही. बारा-चौदा अंशांवर, पसरट पोटाच्या पेल्यात, हाताची ऊब लागत लागत तो उमलत जातो.

आता या मंडळाच्या यादीत कडक बेल्जियन काळसर एल आहे, बादशाही स्टाउटही आहे. बेल्जियन स्टाउटला स्वतंत्र घर नाही. ज्यात दोन जाती मिसळल्या अशा बिअरींच्या सामायिक कोनाड्यात तो बसतो. आणि हे जातींचे कोष्टक तरी किती जुने? इंग्रज लेखक मायकेल जॅक्सन यांनी १९७७ च्या ग्रंथात जगातल्या बिअरींची जी मांडणी केली तिच्यावर ते बरेचसे उभे आहे. प्रत्यक्ष बेल्जियममध्ये मात्र हा संकर कोणाला संकर वाटत नाही. अँट्‌वर्पच्या जॉन मार्टिन या इंग्रज व्यापाऱ्याने गिनेसकडून खास बेल्जियन गिऱ्हाइकासाठी ८ टक्क्यांचा स्टाउट बनवून घेतला. एसेनच्या 'वेड्या ब्रूअरां'चा निर्यात-स्टाउट आहे. एलझेल नावाच्या खेड्यातला ९ टक्क्यांचा स्टाउट 'हर्क्यूल' या नावाने विकला जातो, कारण अगाथा ख्रिस्तीचा गुप्तहेर हर्क्यूल प्वारो आपल्याच गावचा, असे गावकऱ्यांचे म्हणणे. कादंबरीतल्या माणसाची जन्मभूमी ठरविण्याइतका ज्यांचा विनोद जिवंत आहे, त्यांनी दोन परंपरांची मोट बांधताना कोणाची परवानगी मागितली नाही यात नवल नाही.

हे सारे टिपण पुरे झाल्यावर आम्ही स्पर्धेच्या चालकांना एक पत्र धाडले. त्यात ब्रेटॅनोमायसीसची हकीगत लिहिली, आमचा शेरा चुकीच्या मापाने लिहिला गेला असे कबूल केले, आणि बाईंचे अडतीस गुण आमच्या सव्विसांपेक्षा सत्याच्या पुष्कळ जवळ होते असेही लिहिले. महिन्याभराने उत्तर आले. निकाल लागल्यावर गुण बदलता येत नाहीत, असा नियम त्यांनी नम्रपणे कळविला होता; पत्र मात्र त्या गृहस्थाकडे पोचते केले आहे, एवढी एक ओळ खाली हाताने लिहिलेली होती.